पहिला गडवा आपल्या पायावर

माणसाच्या पायांकडे बघून थक्क व्हावं, असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं. आपण मोठ्यांच्या पाया पडतो तेव्हा पाय असे बघत नाहीच. वाकायचं आणि उठायचं, एवढीच घाई असते. इंदूकाकूंचे पाय मात्र मी समोर बसून, नीट, सकाळच्या उन्हात कितीतरी दिवस पाहिले. रुंद पावलं, टाचांना भेगा, नडग्या लांब आणि सपाट, आणि त्या दोन नडग्यांच्या मधे उताणी पडलेली माझी मुलगी.

लाखनीला हायवेच्या कडेला काकूंचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी, आणि जिना चढून वर गेलं की दोन खोल्या. त्या खोल्यांत मी आणि माझी बायको संध्या भाड्याने राहत होतो. मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचो. काकूंचे यजमान कधीच गेलेले. दुकान काकू आणि त्यांचा मुलगा नितीन चालवत. म्हणजे काकू चालवत आणि नितीन त्यांच्या मागे मागे चालत असे.

काकू उंच, हाडापेराने मजबूत. पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर. हायवेवरून ट्रक हॉर्न वाजवत गेला तर आपण बोलणं थांबवतो. काकू थांबत नसत. ट्रकनेच थांबावं अशी त्यांची अपेक्षा असायची. दुकानात लहान मुलांचं सगळं ठेवलेलं होतं. साबण, तेल, पावडर, दुपटी, टोपडी, प्लॅस्टिकचे टब, खुळखुळे. ठेवलेलं होतं म्हणजे गिऱ्हाइकाला मिळेलच असं मात्र नव्हतं.

हे मला कळलं ते संध्याला सातवा महिना लागल्यावर. आम्ही दोघं मोठ्या उत्साहाने खाली गेलो. संध्याने मोबाईलवर बरंच काही बघून ठेवलं होतं. फेसाचा बाथ, शाम्पू, लोशन, पावडर, आणि हे सगळं एकत्र बसवलेली एक गुलाबी पेटी. पेटी काकूंच्या फळीवर समोरच होती. संध्याने बोट दाखवलं.

काकूंनी चष्मा खाली घेतला. "पोट्टं जन्माले येऊन राहिलं का लग्नाले उभं राहून राहिलं?"

"सगळ्याजणी घेतात ना काकू," संध्या म्हणाली.

"घेतात. मी देतो बी. पन तू वरच्या खोलीत राह्यतं. उद्या पोराच्या अंगावर पुरळ आलं तं रात्रभर मलेच रडनं आयकू येईन." मग त्यांनी पेटीतली एक बाटली काढून हुंगली. "याच्यात वास कायचा हाये?"

"लव्हेंडरचा."

"मंग लेकराचा वास कुठं जाईन?"

संध्याने दाखवलेलं बोट मागे घेतलं. शेवटी आम्ही एक बिनवासाचा साधा साबण, धुवून धुवून मऊ करायची सुती दुपटी आणि एक मोठा पंचा एवढंच घेऊन वर आलो. साबणसुद्धा पहिले काही दिवस लावायचा नाही, अशी अट घालून दिलेला. "अंगाले फेस कायले पाहिजे? कुठं ट्रकच्या खाली काम करून आलं थे?"

यावरून कुणाला वाटेल की काकू जुन्या वळणाच्या होत्या. तसं नव्हतं. संध्याच्या आईने भंडाऱ्याहून मोठ्या मायेने चिकसा करून पाठवला होता. हळद, डाळ, वाळे, नागरमोथा, सगळं घरी दळलेलं. काकूंनी चिमूट दोन बोटांत चोळून बघितली आणि डबा परत दिला. "लगनघरी चांगलं हाये हे. तान्ह्याच्या कातडीले रेतीवानी लागते." कानात तेल सोडायचं नाही, नाकात फुंकायचं नाही. आंघोळीनंतर ओव्याची धुरी द्यायची पद्धत आमच्याकडे घरोघर आहे. तिलाही त्यांची मनाई. "त्या धुरानं आपल्याले ठसका लागते. त्याले काय मजा येत असन काय?" जुनं असो, नवं असो, काकू दोन्हीला एकाच नजरेने बघत, म्हणजे संशयाने. दुकानात नवीन माल आला की आधी त्या स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवत आणि दोन दिवस तसंच वागवत. कंपन्यांचे विक्रेते यायचे त्यांना काकूंचा हात कसा आहे याची मोठी काळजी असायची. एकदा एका विक्रेत्याला त्यांनी लाल झालेलं कोपर दाखवलं आणि त्याच्याच हातात सगळा खोका देऊन परत पाठवला. तो बिचारा बाहेर गाडीवर खोका बांधताना मला म्हणाला, "सर, बाकी दुकानदार फक्त स्कीम विचारतात हो."

मुलगी झाली. तिचं नाव ओवी ठेवलं. दवाखान्यातून घरी आलो, नाळ पडली, आणि एका सकाळी काकूंनी जिन्याखालून हाक मारली, "आना तिले."

गल्लीतली सगळी तान्ही बाळं त्यांच्या पायांवरून गेलेली होती. हे काम त्यांचं नव्हतं, त्या कुणाकडून काही घेत नसत. आवड होती. कुणाला गाण्याची असते तशी. न्हाणीत पाट मांडलेला, भिंतीला पाठ लावून काकू बसलेल्या, पाय समोर लांब आणि जुळवलेले. उजव्या हाताला पंचा, दुपटं, लंगोट, साबण, सगळं ओळीने. एकदा बसल्या की उठायचं नाही आणि काही मागायचं नाही. मोबाईल दुकानात, नितीनजवळ. बादलीत आधी थंड पाणी, त्यावर गरम. उलट केलं तर ओरडत. मग पितळी गडवा, म्हणजे तांब्या, भरून घेतला आणि तो सबंध स्वतःच्या पायांवर ओतला.

"पहिला गडवा आपल्या पायावर," त्या म्हणाल्या. "मंग लेकरू."

संध्याने ऑनलाइन एक बदक मागवलं होतं. पाण्यात सोडलं की त्याच्या पोटावर आकडा उमटायचा आणि पाणी गरम असेल तर ते लाल व्हायचं. ते तिने भीत भीत पुढे केलं. काकूंनी ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "म्हंजे मी पोराकडे पाहू का याच्या पोटाकडे?"

"कोपर बुडवून बघतात ना सगळे?" मी मधे बोललो.

"कोपर लबाड असते, सर. टेकलं का पयते. पाय कुठं जाईन? त्याच्यावर पानी पडलं का त्याले खरं बोलाच लागते."

मग त्यांनी ओवीला पायांवर घेतलं. कपडे काढल्यापासून ती गळा काढून रडत होती. नडग्यांच्या त्या पन्हळीत ती टेकली, काकूंचा डावा पंजा तिच्या डोक्यामागे गेला, आणि पाणी तिच्या पोटावर पडायच्या आधीच तिचं रडणं थांबलं. मी दारात उभा होतो. त्या हातात ना घाई होती ना संकोच. मानेच्या वळीत, काखेत, मुठीच्या आत, जिथे दूध साचून आंबट होतं त्या सगळ्या जागा त्या बोटांना पाठ होत्या. डोळ्यांवर एक थेंब नाही. पाठ धुवायला ओवीला पालथं घातलं ते मला दिसलंसुद्धा नाही. आत्ता पोट होतं आणि आता पाठ आहे, एवढंच कळलं. मी गणिताचा माणूस, सहसा भारावून जात नाही. त्या दिवशी गेलो.

चौथ्या-पाचव्या दिवशी तर मी जे पाहिलं ते अजून विसरत नाही. दारावर भाजीवाली आली होती आणि काकू तिच्याशी वांग्यांवरून हुज्जत घालत होत्या, तोंड पूर्ण तिच्याकडे वळवून. ओवीने अचानक पाय झाडले आणि ती एका अंगाला घसरली. काकूंचं वाक्य तुटलं नाही. त्यांनी बघितलंही नाही. त्यांचा उजवा गुडघा फक्त जरासा वर उचलला गेला, ओवी परत पन्हळीत आली, आणि वांगी स्वस्त झाली.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"मले कायचं कळते? पायाले कळते. डोळे साबनाकडे असतात, हात पान्यात असतात. पोरगं कुठं सरकून राहिलं हे पायच सांगते ना."

मग एके सकाळी त्या पाटावरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "सर, बसा."

"मी?"

"बापाले पाय नसतात काय?"

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलो. काकूंनी माझ्या पायांकडे बघितलं आणि संध्याला म्हणाल्या, "हे पाय हायेत का कर्कटक?" पण शिकवलं. पहिला गडवा माझ्या पायावर ओतायला लावला. ओवीला ठेवलं तेव्हा माझे खांदे कानांपर्यंत वर गेले होते. काकूंनी मागून दोन्ही खांदे दाबून खाली बसवले. गल्लीतल्या कितीतरी बापांना त्यांनी असं बसवलं होतं. फक्त नितीन कधी सापडला नाही. तो अशा वेळी नेमका दुकानात माल मोजत असे.

आंघोळ चालू असताना काकू उठत नसत म्हणजे काय, ते एकदा सगळ्या गल्लीने पाहिलं. त्या शेजारच्या बाळाला न्हाऊ घालत होत्या आणि अंगणात खाटेवर त्यांचे वर्षाचे पापड वाळत होते. जंगलाकडून वानरांची टोळी आली. एक मोठा हुप्प्या खाटेवर बसला आणि त्याने पंगत मांडली. आम्ही वरून ओरडतोय, "काकू, पापड! काकू, पापड!" काकू पाच हातांवर. काठी त्यांच्या शेजारी टेकवलेली. त्यांनी मान वळवून हुप्प्याकडे बघितलं, त्याने त्यांच्याकडे बघितलं, आणि काकू बाळाचे कान पुसू लागल्या. टोळी खाट मोकळी करून निवांत निघून गेली. बाळ दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात दिल्यावर मात्र काकूंनी काठी उचलली आणि तीन घरं ओलांडून वानरांना अशा काही शिव्या घातल्या, की मी ओवीचे कान झाकले.

"आधी का नाही उठलात?" संध्याने विचारलं.

"पापड तं फिरून लाटता येते," काकू म्हणाल्या.

आणि त्यांचा राग पाहिला तो वंदनाच्या घरी. वंदना म्हणजे समोरच्या घरातली सून, चांगली मुलगी. तिने टबात बसवायची खुर्ची आणली होती, रबरी वाट्यांनी तळाला चिकटणारी. बाळ त्यात बसतं, म्हणून ती कुकरची शिट्टी झाली तेव्हा गॅस बंद करायला आत गेली. काकू काही द्यायला म्हणून आम्हाला घेऊन तिथे गेल्या आणि त्यांना न्हाणीत एकटं बाळ दिसलं. वंदना परत आली तेव्हा बाळ काकूंच्या कडेवर होतं, अंग ओलं, हसत. काही झालेलं नव्हतं. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. आवाज नसलेल्या काकू आम्ही प्रथमच पाहत होतो. वंदना तेवढ्यानेच रडायला लागली. काकूंनी बाळ तिच्याकडे दिलं, टब उपडा केला, खुर्ची तळातून उपटून काढली आणि घरी घेऊन गेल्या. पुढे त्या खुर्चीत त्यांच्या स्वयंपाकघरात कांदे बसलेले असत.

संध्याकाळी त्या वंदनाकडे परत गेल्या. "कुकरमंधला भात जयला तं जयू दे," तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "जायाचंच असन तं पोराले उचलून ने, ओल्याचं ओलं. घर ओलं झालं तं मी पुसून देईन."

इतक्या बाळांच्या आया त्यांच्या अंगणात येऊन जात. प्रत्येक जण जाताना एकदा तरी म्हणे, "काकू, आता नितीनचं कधी?" नितीनच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मयुरी, त्यांची सून, सिहोऱ्याची. दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा गेलं होतं. काकू म्हणत, "येईन, येईन. त्याले का गाडी पकडाची हाये?" आणि विषय बदलत. पण त्यांच्या पलंगाखाली भंडाऱ्याहून आणलेलं एक पितळी गंगाळ होतं, नितीनच्या लग्नानंतर लगेच घेतलेलं. ते त्या कुणासाठी बाहेर काढत नसत. माझी ओवी, वंदनाचं बाळ, सगळी प्लॅस्टिकच्या बादलीवर वाढली. गंगाळ फक्त दिवाळीला बाहेर यायचं, चिंचेने घासलं जायचं, उन्हात ठेवलं जायचं, आणि परत पलंगाखाली. एकदा मी ते घासताना त्यांना पाहिलं. त्या मला पाहून उगाचच म्हणाल्या, "पितळ हाये, हिरवं पडते." मला त्या क्षणी त्यांच्यासाठी जे वाटलं, ते देवापुढे बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी बोललो.

ओवी शाळेत जायला लागली त्या वर्षी मयुरीला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी. काकूंना सिहोऱ्याला जाऊन राहता आलं असतं, पण नाही गेल्या. "त्यायच्या घरी त्यायचा हात." महिना, दीड महिना त्यांनी कसा काढला ते आम्ही पाहत होतो. गिऱ्हाइकांना सामान चुकीचं जात होतं. त्यांना साखरेचा त्रास होताच. त्यात चप्पल पायातून निसटलेली त्यांना कळत नसे आणि त्या एकाच चपलेवर गल्ली पार करत. आम्ही हसायचो. आजी व्हायच्या आनंदात भान नाही, असं सगळे म्हणायचे. त्याही हसायच्या.

मयुरी बाळ घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. तिची आई सोडायला आलेली, तीही थांबली होती. मयुरी अंगणात खाटेवर. आम्ही तिघं जिन्यावर बसलो होतो. ऊन न्हाणीच्या दारात आलं होतं आणि त्या उन्हात गंगाळ इतकं चमकत होतं की त्याच्याकडे बघवत नव्हतं. पाणी काकूंनी स्वतः विसणलं होतं, थंडावर गरम. नवी साडी गुडघ्यापर्यंत सरकवून त्या पाटावर बसल्या, पाय लांब केले, जुळवले. मयुरीच्या आईने बाळ उघडं करून हातावर घेतलं. काकूंनी गडवा भरला आणि पायांवर ओतला.

"बरोबर हाये," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "आना."

मयुरीची आई वाकली. काकूंचे हात तसेच पुढे होते, पण नजर खाली गेली होती. मी जिन्यावरून बघत होतो. त्यांच्या पावलांवरून वाफ निघत होती. पावलं लाल होत चालली होती, घोट्यापासून बोटांपर्यंत. आणि पाय हलले नव्हते. कुणाचेही पाय झटकन मागे आले असते.

"थांबा," काकू म्हणाल्या. "पोरीले मांगं घ्या."

"काय झालं वो, इहीनबाई?"

"आंधी मांगं घ्या तिले."

मयुरीची आई गोंधळून दोन पावलं मागे सरली. नितीन दुकानातून धावत आला, त्याने गंगाळात बोटं घातली आणि ओरडून बाहेर काढली. "आई! केवढं गरम हाये हे!"

काकू पायांकडेच बघत होत्या. "मले नाई समजलं," त्या हळू म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली आणि आपल्या रोजच्या दुकानातल्या आवाजात, अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नितीन, मले समजलंच नाई. माह्या पायाले कळून नाई राहिलं."

संध्या धावली आणि माठातलं पाणी तांब्याने त्यांच्या पायांवर सोडू लागली. मयुरीच्या आईला त्यांचा चेहरा बघवला नाही. ती म्हणाली, "होते असं एखाद्या वेळेस. थंडं टाका ना थोडं. इतकी वर्सं वाट पाह्यली तुमी, आजचा मान तुमचा हाये."

खरंच, थंड पाणी घालायचं होतं, बस. बाळाला काही झालेलं नव्हतं. काकूंनी 'पाणी जरा जास्त तापलं' एवढं म्हटलं असतं तर आमच्यापैकी कुणालाही कधीच काही कळलं नसतं. हात तर धड होते. त्या बाळाला पायांवर घेऊ शकत होत्या.

"मान माहा हाये," काकू म्हणाल्या, "पन कातडी तिची हाये." त्यांचा आवाज फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत. "पान्याचं सोडा. लेकरू सरकलं तं मले हेच पाय सांगत होते. आता हे मुके झाले. मुक्या पायावर मी कोनाचं पोरगं ठेवनार नाई. हिले तं नाईच."

मग त्या हात टेकत पाटावरून बाजूला सरकल्या, भिंतीशी बसल्या, आणि म्हणाल्या, "नितीन, पँट वर कर."

नितीन या वेळी कुठे जाणार होता? तो पाटावर बसला. काकूंनी पाणी पुन्हा विसणायला लावलं, नितीनच्या पायावर ओतायला लावलं, संध्याला मनगट बुडवायला लावलं. बाळ नितीनच्या पायांवर आलं तेव्हा त्याचे खांदे कानांपर्यंत वर गेले. "खांदे खाली," काकू म्हणाल्या. "मानेखाली पंजा. असा नाई, पसरून. आता बोल तिच्याशी. तू बोलला नाई तं तिले वाटन कोन हाये बाप्पा हा." पूर्ण आंघोळ त्यांनी तोंडाने घातली. त्यांचे दोन्ही हात मांडीत होते, एकमेकांत घट्ट धरलेले. बाळ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं आणि त्यांनी बोट लावलं नाही. मी रडत होतो. ओवी मला विचारत होती, बाबा काय झालं, आणि मी तिला जवळ ओढून घेतलं.

पायांवर मोठे फोड आले. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने नसा गेल्या आहेत, हे आजचं नाही. 'आजचं नाही' हे ऐकून काकू त्याच दिवशी पट्ट्या बांधलेल्या पायांनी गल्लीत निघाल्या. गेल्या काही महिन्यांत ज्या ज्या बाळांना त्यांनी न्हाऊ घातलं होतं त्या प्रत्येक घरी गेल्या, आणि दारात उभं राहून विचारलं, "माह्या आंघोळीनं पोराच्या अंगाले कधी लाल झालं होतं काय? खरं सांगजा." कुठेच काही झालेलं नव्हतं. लोक त्यांना बसा म्हणत होते, चहा देत होते. त्या बसल्या नाहीत. सगळीकडे तेच सांगितलं: यापुढे माझ्याकडे बाळ आणू नका, शिकायचं असेल तर या. वाटेत मी त्यांना आधार द्यायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "सर, मले रस्ता दिसते. पाय खाली ठेवला हे तेवढं डोळ्यानं पाहा लागते."

त्यानंतर दुकानात गल्ल्याशेजारी तापमान दाखवणारी बदकं दिसू लागली. गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी काकू दाखवत. "पायबी ठेवा, मनगटबी ठेवा, हेबी ठेवा. एकाच्या भरवशावर राहू नका." ज्या गोष्टीला आपण हसलो ती आपल्याच दुकानात मांडून विकायला किती मोठं मन लागतं, हे मी वर्गात शिकवू शकत नाही. पण त्या दुकानावरून जाताना दर वेळी माझी मान आपोआप खाली जायची.

पुढे माझी बदली भंडाऱ्याला झाली. सामान टेम्पोत चढलं होतं, संध्या आणि ओवी पुढे बसल्या होत्या. मी निरोप घ्यायला अंगणात गेलो. न्हाणीचं दार उघडं होतं. आत नितीन मुलीला न्हाऊ घालत होता. ती आता बसायला लागली होती, पाण्यावर थापा मारत होती, आणि नितीन तिच्याशी सारखं काहीतरी बडबडत होता. खांदे अगदी खाली. काकू दाराच्या बाहेर पाटावर बसल्या होत्या, मांडीवर पंचा पसरून, दोन्ही हात त्या पंच्यावर उघडे ठेवून. मी आलेलो त्यांना कळलं होतं, पण त्या दारातच बघत होत्या.

पाण्याचा आवाज थांबला. नितीन मुलीला घेऊन दारात आला, वाकला, आणि तिला काकूंच्या हातांवर ठेवलं. ती ओली, निसटती, हसत होती. काकूंची बोटं तिच्या भोवती मिटली. त्यांनी ती बोटं नीट निरखून बघितली, एकेक.

"धरलं ना, आई?" नितीनने विचारलं. "सोडू?"

"नको सोडू," काकू म्हणाल्या. "आता हाताचाबी भरवसा नाई. दोघंबी धरू."

नितीन खाली बसला. त्याचे हात काकूंच्या हातांखाली गेले. मधे ती मुलगी होती, आणि दोघं मिळून तिला पुसत होते. मी मागे फिरलो आणि टेम्पोत जाऊन बसलो.